तिकडं वळलेला गुडघा

मुंबईच्या इस्पितळात, लहान मुलांच्या वॉर्डात, एक समुपदेशक ताई आहेत. हे लिहायला त्यांनीच सांगितलं. "मानसी, तू आता बरी झालीयस. नव्यानं पाय गमावणाऱ्या मुलांना धीर येईल असं काहीतरी लिही." मी म्हटलं, ताई, धीर माझ्याकडे माझ्यापुरताच असतो, आणि तोसुद्धा संध्याकाळपर्यंत पुरत नाही. जे पोतंभर आहे त्यावर लिहू का? त्या म्हणाल्या, लिही. तर हे जळण्याविषयी आहे. तुमचा पाय गेलाय आणि तुम्हाला रडू कमी आणि दुसऱ्याचा हेवा जास्त वाटतोय, असं असेल तर घाबरू नका. तुम्हाला काही झालेलं नाही. म्हणजे झालंय, पण ते वेगळं.

फोटो

मी रत्नागिरीची, बंदराजवळची. पप्पा तांडेल आहेत, म्हणजे लाँच समुद्रात त्यांच्या हुकमावर चालते. आई मासळी बाजारात बसते. नववीत असताना मी शाळेच्या खो-खोच्या संघात होते आणि माझ्या उजव्या गुडघ्याखाली दुखायला लागलं. सगळ्यांचं एकच मत पडलं, मुरगळलंय. मावशीनं कढत तेल चोळलं, शेजारच्या काकूंनी निर्गुडीचा पाला बांधला. दुखणं काही हलेना. सूज आली तेव्हा पप्पांनी मला डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टर गप्पिष्ट होते. कुठल्या शाळेत, खो-खोत पळतेस की बसतेस, असं माझ्याशी छान बोलत होते. मग एक्स-रेचा फोटो आला. तो उजेडावर धरून बघितला आणि त्यानंतर ते फक्त पप्पांशी बोलायला लागले. माझ्याकडे बघेचनात. मला कॅन्सर हा शब्द पुढे मुंबईत ऐकायला मिळाला, पण मला कळलं ते तिथेच, त्या खुर्चीवर. बाहेर पडल्यावर पप्पांनी न मागता मला आइस्क्रीम घेऊन दिलं. तेव्हा तर खात्रीच पटली.

मुंबईत तपासण्या झाल्या. गाठ नडगीच्या हाडात, अगदी वरच्या टोकाला होती. मोठे डॉक्टर म्हणाले, पाय मांडीतून काढावा लागेल.

पप्पा म्हणाले, "मी कौल लावून येतो."

आमच्याकडे मोठी गोष्ट देवाला विचारल्याशिवाय करत नाहीत. देवाच्या अंगावर दोन बाजूंना फुलं चिकटवतात. उजवं पडलं तर देवाचा होकार, डावं पडलं तर नकार. पप्पा गावी गेले, कौल लावला, आणि दोन्हीतलं एकही फूल पडलं नाही. दुपारपर्यंत बसले. देव गप्प. ते परत येऊन तसं आईला सांगायला लागले तर आईनं त्यांना पुढं बोलूच दिलं नाही.

"देवाला लेकरू हाय काय? त्याला काय म्हायत. कुठं सही करायची ती मला दाखवा."

आईनं सही केली. पप्पा कितीतरी दिवस तिच्याशी बोलले नाहीत. एकाच डब्यातलं जेवायचे, आणि निरोप माझ्यामार्फत द्यायचे. "आईला सांग, मीठ कमी हाय." आई हातभर अंतरावर बसलेली असायची.

हातमोजे

केमोचं मी जास्त सांगत नाही, ते तुम्हाला तिथे कळेलच. एवढंच सांगते की त्यानं नाक वेड्यासारखं तिखट होतं. मासे विकणारीची पोर मी, बांगड्याच्या कालवणाशिवाय मला भात गेला नसता, आणि मला मासळीचा वास सहन होईना. तो वास आईच्या हातांना होता. इतक्या वर्षांचा वास, तो काय एका आंघोळीनं जातो? तिनं लिंबू चोळलं, चिंच चोळली, कुणी सांगितलं म्हणून कॉफीची पूड चोळली. हात फुटले पण वास गेला नाही. ती घास घेऊन जवळ आली की मी तोंड फिरवायचे. एकदा मी तिला म्हटलं, "तू लांब उभी राहा." ती पलंगाच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. रडली नाही. मला मात्र रडू आलं.

मग एका सिस्टरनं तिला इस्पितळातले रबरी हातमोजे दिले. आई मोजे घालून मला भरवायची. पेज, मऊ भात, उकडलेला बटाटा. गालाला रबर लागायचं. ती सिस्टर आता कुठे असेल माहीत नाही, पण माझ्या लेखी ती देव. फुलं न चिकटवता बोलणारी.

पाय काढल्यावर मी ज्याचा त्याचा हेवा करायला लागले. मावसबहीण भेटायला आली आणि म्हणाली, "नवीन सँडल चावतेय गं." मला वाटलं, तिला उचलून बाहेर टाकावी. मलाही चावून घ्यायचं होतं. व्हरांड्यात पोरं पळायची, त्यांच्या पोटऱ्यांकडे मी टक लावून बघायचे. एकदा तर मला पलंगाशेजारच्या स्टुलाचा राग आला. त्याला चार पाय, आणि चालत कुठेच नाही.

धना

माझ्या शेजारच्या पलंगावर धनश्री आली. मंडणगडकडची, डोंगरातल्या एका वाडीतली. भातशेतीचं घर, बाप मुंबईत कंपनीत कामाला. तिची गाठ मांडीच्या हाडात होती, माझ्यापेक्षा वर. तिचाही पाय गेला. आम्ही एकाच वयाच्या, एकाच जिल्ह्यातल्या, दोघींचा उजवाच पाय. सगळ्यांना वाटलं, बरं झालं, जोडी जमली.

जमली पण. आम्ही दोघींनी मिळून वॉर्डातल्या डॉक्टरांना नावं ठेवली. सोलकढी कोणाकडची चांगली यावरून भांडलो. तिला उलटी व्हायची ती पण आवाज न करता, आणि नंतर ती सिस्टरना "सॉरी हां" म्हणायची. मी सगळा वॉर्ड उठवायचे. सगळ्या सिस्टर तिला "धनूबाळ" म्हणायच्या. मला म्हणायच्या, "ए रत्नागिरी." टक्कल पडल्यावर तिचं डोकं गोल, देखणं निघालं. माझ्या डोक्याला मागे टेंगूळ आहे, ते मला तेव्हा कळलं.

मी तिला जीव लावला आणि मी तिच्यावर जळले. दोन्ही एकदमच. कुठलं आधी, ते विचारू नका.

ज्याच्यासाठी मी जळले तो

उपचार संपले, केस आले, आम्ही आपापल्या घरी गेलो. मला साधा पाय मिळाला. मांडीवर बसणारा कप, खाली गुडघा, खाली नळी आणि पाऊल. साधा गुडघा म्हणजे बिजागरी समजा. पाऊल टेकताना उरलेली मांडी जोरात मागे रेटायची, मग तो सरळ राहतो. विसरलात की दुमडतो आणि तुम्ही खाली. सपाटीवर ठीक. पण रत्नागिरीत सपाटी आहे कुठे? आमच्या घरी यायला जांभ्या दगडाच्या पायऱ्यांची घाटी उतरावी लागते. मी कठड्याला धरून, एक पायरी, मग थांबायचं, मग दुसरी, अशी उतरायचे. मागून येणारे "सावकाश हां बाय" म्हणून पुढे जायचे. एकदा मासळी बाजारात, आईच्या पाटीसमोरच, मी आडवी झाले. ओल्या फरशीवर. सगळा बाजार "आई गं!" म्हणून ओरडला. मला पडल्याचं काही नाही वाटलं, त्या ओरडण्याचं वाटलं.

मग कळलं की एक संस्था आमच्यासारख्या वाढत्या वयाच्या मुलांना कॉम्प्युटरवाला गुडघा देते. आम्हाला पाय बसवून देणाऱ्या केंद्राकडे त्या वर्षी एकच आला होता. नावं दोन होती, माझं आणि धनाचं.

दोघींना बोलावलं. आमच्या आमच्या कपाला तो गुडघा जोडून, नटबोल्ट फिरवून, थोडा थोडा वेळ चालायला दिला. आधी मला दिला. मी उतारावर गेले. पहिली काही पावलं सवयीनं मांडी रेटत होते. केंद्रातले दादा म्हणाले, "रेटू नकोस, त्याला कळतं." मी नाही रेटली. उताराला तो आपोआप जड झाला, हळूहळू वाकला, कोणीतरी खालून हात धरावा तसा. मुद्दाम ठेच लागल्यासारखं केलं, तर त्यानं मला पडू दिलं नाही. आणि मग, उताराच्या शेवटी, माझ्या लक्षात आलं की मी जमिनीकडे बघत नाहीये. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघतेय. पाय गेल्यापासून मी चालताना वर बघितलंच नव्हतं.

मी दादांना म्हटलं, "हा काढू नका." ते हसले. मी हसत नव्हते.

तो धनाला मिळाला.

दादांनी मला समजावलं होतं. "मानसी, तुझी मांडी लांब उरलीय, तुला साध्यावर जमतंय. धनाकडे रेटायला काही नाही." मी मान हलवली. मनात म्हटलं, धनूबाळ ना ती, तिलाच मिळणार. गोड पोरींना सगळं मिळतं.

त्यानंतर धना मला फोनवर व्हिडिओ पाठवायची. शाळेचा जिना उतरताना. एका पायानंतर दुसरा पाय, सरळ, माणसांसारखी. खाली लिहायची, "बघ गो!" मी अंगठा पाठवायचे आणि फोन गादीवर आपटायचे. एकदा मी आईपुढे फुटलेच. "तो माझा होता! मी आधी घातला होता! तिकडं मंडणगडात कोण बघतंय तिला चालताना?" आई म्हणाली, "अगो, तिकडं पण माणसंच राहतात." पप्पा पडवीत जाळं शिवत बसले होते. ते काहीच बोलले नाहीत. आमच्या घरात पप्पा बोलले नाहीत म्हणजे त्यांनी काहीतरी ठरवलेलं असतं, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं.

शिमगा

शिमग्यात आमच्याकडे देव देवळात बसत नाही. पालखीतून घरोघर येतो. अंगणात पालखी टेकली की बायका ओटी भरतात, आणि मानकरी घराच्या वतीनं गाऱ्हाणं घालतो, म्हणजे त्या घराचं जे काही मागणं असेल ते देवाला मोठ्यानं सांगतो. प्रत्येक वाक्याला जमलेल्या सगळ्यांनी "व्हय म्हाराजा!" म्हणायचं. मागणं कुणाचंही असो, ऐकू आलं असो नसो, म्हणायचंच. लहानपणापासून तोंडात बसलेलं असतं ते.

आणि नेमकी धना आली. तिचे मामा रत्नागिरीला नोकरीला, त्यांच्याकडे आली होती, तर मामांनी रिक्षानं आमच्याकडे सोडली. "अचानक आले, चालेल ना गो?" मी म्हटलं, चालेल. घाटी ती उतरली. कठडा न धरता. मी तिच्या मागून कठडा धरून उतरत होते आणि दात आवळत होते.

पालखीला वेळ होता म्हणून सकाळी मी तिला भाट्याच्या किनाऱ्यावर नेलं. खरं कारण सांगते. तिच्या गुडघ्याला खारं पाणी आणि वाळू चालत नाही. माझ्या साध्याला मी नेते, घरी आणून गोड्या पाण्यानं धुते. दादा ओरडतात, तरी नेते. ती वर सुरूच्या झाडाखाली उभी राहिली आणि मी लाटांत गेले, उगाच लांबपर्यंत गेले, उगाच ओरडले, "काय मस्त पाणी हाय गो!" तिचं तोंड उतरलं. मला फार बरं वाटलं.

दुपारी पालखी आली. ढोल-ताशे, गुलाल, सगळी आळी आमच्या अंगणात. धना पडवीत माझ्या मागे उभी होती. बाळूआबा आमचे मानकरी. म्हातारे झालेत, पण आवाज असा की समोरच्या होडीतला माणूस उठून बसेल. पप्पांनी त्यांना सकाळीच घरी जाऊन गाऱ्हाणं सांगून ठेवलं होतं. धना आल्याचं पप्पांना माहीत नव्हतं, ते थेट बंदरावरून पालखीबरोबर आले होते.

ढोल थांबले. बाळूआबांनी हात जोडले.

"बा देवा म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आज ह्यो तांडेल तुज्या पायाशी उभा हाय म्हाराजा! त्येच्या लेकीचा पाय गेला, तू जीव राखलास म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

"आता तिचा जो गुडघा चुकून मंडणगडच्या पोरीकडं वळला, तो तिकडचा इकडं वळव म्हाराजा! वाकडं झालं असंल ते सरळ कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

सगळी आळी म्हणाली. आणि सगळ्यांच्या वर, माझ्या कानाशी, खणखणीत, धना म्हणाली. तिच्या वाडीतही हेच, मागणं कानात शिरायच्या आधी तोंड म्हणून मोकळं होतं.

मग ते तिच्या कानात शिरलं.

मी वळून बघितलं. ती लाल झाली होती. पप्पांनी तिला बघितलं आणि खाली जमिनीत बघायला लागले. आईनं पदर तोंडाला लावला. "अरे देवा! मेल्यानु, पोर हितंच हाय!" बाळूआबांना काही कळेना. ते विचारत होते, "काय चुकलं काय माजं?"

धना पडवीतल्या बाकावर बसली. घेरदार स्कर्टाखाली हात घातला, कपातली हवा सोडायचं बटण दाबलं, फुस्स आवाज आला. तिनं अख्खा पाय बाहेर ओढला, गुडघ्यासकट, आणि माझ्यापुढे धरला.

"घे. देवासमोर व्हय म्हटलंय मी."

बायांनी पटकन तिच्या भोवती कडं केलं. आणि मी? मी "अगं वेडी का" वगैरे काही म्हटलं नाही. माझा हात पुढे गेला. खरंच गेला. त्या गुडघ्यावर माझी बोटं टेकली, गार होता तो, आणि मला वाटलं, आता सोडायचा नाही.

मग माझं लक्ष तिच्या स्कर्टाकडे गेलं. उजव्या बाजूला तो कमरेपासून जवळजवळ सपाट पडला होता. आत काही नव्हतंच. वॉर्डात आम्ही नेहमी चादरीत असायचो, एकमेकींचं उरलेलं कधी बघितलंच नव्हतं. तिच्याकडे वीतभरही मांडी नव्हती. तिनं स्कर्ट जरा सारला, तर होती तेवढी कपाच्या काठानं सोलून निघाली होती. तशा कातडीवर ती आमची घाटी उतरली होती. तशीच भाट्याला माझं ओरडणं ऐकत उभी राहिली होती. रेटायला काही नाही म्हणजे काय, ते मला तेव्हा कळलं.

"धना, हा मला बसणार नाय," मी म्हटलं.

"म्हायताय मला. कप माझ्या मापाचा हाय," ती म्हणाली. "पण तू हात केलास."

"केला."

"बरं केलंस. मला वाटायचं, मीच एकटी वाईट." ती डोळे पुसत होती आणि हसत पण होती. "मी वॉर्डापासून तुझ्या मांडीवर जळते. चादरीखाली केवढी लांब दिसायची! तू कुशीवर वळलीस की ती पण वळायची. मी देवाला म्हणायचे, हिला एवढी ठेवलीस, मला का नाय?"

माझ्या मांडीवर! त्या अर्ध्या, टाक्यांच्या, मला आरशात बघवत नसलेल्या मांडीवर कुणीतरी इतकी वर्षं जळत होतं. मला काय वाटलं ते लिहिते. मला अभिमान वाटला. मी कडं केलेल्या सगळ्या बायांसमोर मांडीवर हात फिरवला.

बाहेर बाळूआबा खाकरले. "पालखी खोळंबलीय गो पोरींनो. गाऱ्हाणं उलटं फिरवायचं तर फिरवतो, पण काय ते बोला. तांडेला, तू बोल." मान खाली घालून पप्पा पुटपुटले, "तिलाच इचारा."

मी अंगणात उतरले. आमच्याकडे गाऱ्हाणं पोरी घालत नाहीत. बाळूआबांनी भुवया चढवल्या, पण बाजूला झाले.

"बा देवा म्हाराजा!" माझा आवाज बाळूआबांसारखा नाही, पण बाजारातल्या बाईची लेक आहे मी.

"व्हय म्हाराजा!"

"पप्पांनी सांगितलेलं परत घेते म्हाराजा! धनाचा गुडघा धनालाच राहू दे, तिची कातडी बरी कर म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

इथं थांबायला हवं होतं. आई मला डोळ्यांनी सांगत होती, थांब. पण समोर देव होता, त्याच्याशी खोटं कशाला?

"आणि तसलाच एक मला पण दे म्हाराजा! जमलं तर हिच्यापेक्षा नवा दे म्हाराजा!"

मग अख्खी आळी हसत हसत ओरडली, "व्हय म्हाराजा!" पप्पा पण ओरडले. ढोल सुरू झाले, पालखी खांद्यावर चढली.

सगळे म्हणाले, एक धना सोडून. मी पडवीत जाऊन तिच्या शेजारी बसले. पाय मांडीवर घेऊन ती माझ्याकडे रोखून बघत होती.

"व्हय म्हणाली नाहीस गो?" मी विचारलं.

"तसलाच मागितलास तोवर म्हणणार होते," धना म्हणाली. "नवा कशाला मागितलास?"